काल लावलेलं फाटक

नेवाडातल्या आमच्या गावाच्या एका अंगाला सोन्याची खाण, दुसऱ्या अंगाला गुरांची कुरणं आणि वर मावेनासं आभाळ. मी खाणीत जिऑलॉजिस्ट. नवरा परीक्षित नोकरीसाठी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. सासूबाई पुण्याहून आल्या त्या मला इथून उचलायलाच.

"रेणू, इथे चिटपाखरू नाही. राजीनामा दे आणि परीक्षितकडे चल."

मी आतून धुमसत होते. या दगडांवर माझा जीव आहे, हे कुणाला सांगायचं?

शनिवारी त्यांना खाण दाखवली. परतताना कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. मी गाडी पुढे काढली आणि रेडिओवर खाणीशी बोलत बसले. सासूबाई खाली उतरून आल्या, ते मी पाहिलंच नाही.

रविवारी दुपारी मिठाचं तळं बघायला त्याच रस्त्याने निघालो. उन्हाने माळ भाजत होता. फाटकाला साखळी होती आणि पलीकडे गाईंची ही गर्दी! घसे बसेपर्यंत हंबरत होत्या. पाण्याचा हौद आमच्या बाजूला होता, काठोकाठ भरलेला. एक वासरू आडवं पडलं होतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "काल मीच लावलं गं. उघडं दार मला बघवत नाही."

त्यांनी साखळी काढली. गाई सुटल्या. जमीन हादरली, धुळीने डोंगर झाकला. सासूबाई वाटेतच उभ्या राहिल्या आणि एवढा कळप त्यांना साधा धक्काही न लावता दोन्ही अंगांनी निघून गेला. मग त्या अफाट माळावर फक्त पाणी पिण्याचा आवाज राहिला. माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी नकळत हात जोडले होते.

वासरू मात्र उठेना. सासूबाईंनी डब्यातली थालीपिठं गाडीच्या सीटवर उपडी केली, हौदातून डबा भरून आणला आणि वासराच्या तोंडाशी धरला. किती वेळ ते नुसतं बघत राहिलं. मग जीभ बाहेर आली. डबा पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. शेवटी ते लटपटत उभं राहिलं, तेव्हा सासूबाई मातीतच बसून रडल्या.

एवढ्यात गुरांची मालकीण कॉलीन आली. सासूबाई उठून म्हणाल्या, "आय क्लोज्ड. मी." कॉलीनने आधी वासराला चाचपलं, मग डब्याकडे पाहिलं. इथला नियम आहे, ती म्हणाली. फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं.

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.

संध्याकाळी परीक्षितचा फोन आला. "आई, रेणूने रिझाइन केलं का? मी मूव्हर्स बुक करतो."

"काही बुक करू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "एक फाटक लावून बसले, तेवढं पुरे. हिचं उघडंच राहू दे."