ओतलेलं पाणी

घर विकायचं तर उन्हाळ्यात विकावं, असं सगळे सांगतात. भिंती कोरड्या असतात, माळवद गळत नाही, गिऱ्हाईकही निवांत असतं. खरंय. पण ज्या घराच्या आडात चैत्रातच खडखडाट होतो, त्या घराने काय करावं हे कुणी सांगत नाही. कावेरीचं घर तसलं होतं. परभणीच्या जुन्या वस्तीत तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात आड, आडावर रहाट, आणि पाणी म्हणाल तर शपथेलासुद्धा नाही.

पहिलं गिऱ्हाईक दत्तराव. त्यांनी घर पाहिलं, मान डोलावली आणि जाताजाता आडात खडा टाकला. खडा ठक्क वाजला. दत्तराव चहा न घेताच गेले. दुसरं गिऱ्हाईक तर नुसतं आत वाकलं आणि चपला घालायला लागलं.

कावेरीचा नवरा, बन्सीधर गुरुजी, दोन वर्षांपासून नांदेडला बदलीवर होता. तो तिकडे एका खोलीत कच्च्या भाकरी खायचा, ही इकडे दोन पोरींना घेऊन एकटी. शाळा उघडायच्या आत हे घर गेलं तर तिकडे घर घेता येणार होतं. नाही गेलं तर तिसरं वर्ष.

उन्हाळी सुट्टीत आलेल्या गुरुजींनी तोड काढली. पाणीवाल्याच्या बैलगाडीवरची चार टिपाडं पहाटेच आडात ओतायची.

"अवो, पण हे खोटं न्हाई का?" कावेरी म्हणाली.

"खोटं कसलं? पावसाळ्यात पाणी असतंच की. आपण जरा आधी आणायलोत."

गुरुजी गणित शिकवायचे. उत्तर आधी लिहून पायऱ्या मागून बसवायची त्यांची जुनी सवय. कावेरीलाही तेच उत्तर हवं होतं.

तिने चुलीमागची काजळी खरवडली, भिंतींना चुना दिला, फाटक्या गाद्या शेजारी नर्मदाबाईंकडे नेऊन टाकल्या. पहाटे टिपाडं रिकामी झाली. पाणी आधी गढूळ झालं आणि उन्हं येईपर्यंत निवळलं. वरून पाहिलं तर पुरुषभर खोल वाटावं. होतं जेमतेम गुडघाभर, आणि खाली सगळा गाळ.

गिऱ्हाईक होता उद्धव, पाटबंधारे खात्यातला कारकून. "जयभीमवाले हायेत," गुरुजींनी आदल्या दिवशी आवाज खाली घेऊन सांगितलं होतं. त्यांच्या वस्त्या जाळल्या त्या दंगलीच्या साली गाव सोडून शहरात आलेलं घराणं. "आपल्याला काय करायचंय? आपण न्हाई मानत तसलं," कावेरी म्हणाली होती, आणि त्याचा पुरावा म्हणून पाहुण्यांचे चिनीमातीचे कप तिने घासूनपुसून मांडून ठेवले होते. आपल्या चांगुलपणाचं कौतुक माणसाने स्वतःच करू नये. पण दुसरं कुणी करत नसलं की मोह होतो.

उद्धव आला, सोबत आई सरजाबाई. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. उद्धवने घर नीट पाहिलं, तुळया पाहिल्या, गुरुजींशी बोलत मागच्या दारी गेला. सरजाबाईने चहा घेतला, चिनीमातीच्या कपातूनच घेतला, आणि कावेरीला मनातून लय बरं वाटलं. मग म्हातारी उठली ती थेट आडाशी गेली.

"लय गोड जागा हाय बाई," ती आत वाकून म्हणाली. "घरचा आड. जलमभर दुसऱ्याच्या हिरीवर ताटकळले मी. वरून कुणी वतलं तर पाणी. आता इथं मनात आलं की पवरा सोडायचा." तिने कठड्यावरचा पोहरा उचलला. "सोडू का?"

म्हातारीने पोहरा सरळ आपटला की गाळ ढवळणार, पाणी काळं होणार आणि सगळं उघडं पडणार.

"थांबा मावशी!" ती धावली आणि तिने पोहरा हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "तुमी नका सोडू. मी शेंदून देते."

सरजाबाई मागे सरली, आडापासून चांगली लांब जाऊन उभी राहिली. पदर सावरला, खाली वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली.

ती ओंजळ पाहिली आणि आपण काय बोललो ते कावेरीला कळलं. तिची सासू याच आडावर हेच शब्द बोलायची, झाडायला येणाऱ्या बाईला. सासू गेल्यावर कावेरीही बोलली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"तसं न्हाई मावशी!" कावेरी ओरडली. "हे पाणी आमचं न्हाईच. आड आटलाय. पहाटे टिपाडानं आणून वतलंय. गाळ वर येईल म्हणून मी..."

मागच्या दारातून गुरुजी आणि उद्धव आले होते. उद्धवने आडात डोकावून पाहिलं. मग तो कावेरीकडे वळला आणि फार सभ्यपणे बोलला.

"वहिनी, घर द्यायचं नसलं तर न्हाई म्हणा. आमाला सवय हाय. पण डोळ्यांदेखत पाणी दिसायलंय आणि आड आटला म्हणून सांगता? ह्याच्यापरीस सरळ बोललेलं बरं. चल आई."

मायलेक फाटकाबाहेर गेले. गुरुजी ओट्यावर बसले. कावेरीने पोहरा आडात सोडला, भरला, ओढला, अंगणात ओतला; पुन्हा सोडला. हात सोलवटले तरी ती थांबली नाही. पाणी गढूळ झालं, मग काळं झालं, मग पोहऱ्यात नुसता चिखल आला. तो पोहरा तसाच घेऊन ती अनवाणी रस्त्यावर पळाली.

उद्धव रिक्षा बघायला पुढे गेला होता. सरजाबाई लिंबाच्या सावलीला उभी होती. कावेरीने पोहरा तिच्यापुढे धरला.

"बघा. बघा मावशी. खोटं बोलले न्हाई मी."

सरजाबाईने त्यात बोट घातलं, चिखल बोटांत चोळला. "खरंच की," ती म्हणाली. "आटलाय आड." तिने हात लुगड्याला पुसला. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "मग एवढंच सांग पोरी. गाळ ढवळू नगं म्हणून सांगितलं असतंस, तर मी हलक्या हातानं सोडला असता. मला पवरा सोडायला सांगावं, हे तुला का न्हाई सुचलं?"

कावेरीने तोंड उघडलं. रिक्षा आली, उद्धवने आईला हात देऊन वर बसवलं, रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी ती तो पोहरा धरून रस्त्यातच उभी होती.