शिंपीणबाईंच्या गायी

गायीचं दावं शिंपीणबाईंच्या हातात देणार, तोच फोन वाजला.

"थांबा हो जरा, दिराचा आहे," म्हणत मी आत गेले.

धाकटा दीर व्यापार खात्यात साहेब. दोन देशांची बोलणी चालली होती, त्यात आपल्या बाजूने बसणाऱ्यांतला एक. सासूबाई लवकर गेल्या, त्याला मीच वाढवलं.

"वहिनी, गोठ्यात जनावरं किती?"

"सहा. त्यातल्या दोन शिंपीणबाई नेतायत. का रे? आवाज का असा?"

"बाकीचीही काढून टाक. लवकर."

"अरे, पण झालं काय?"

"आपलं कापड तिकडे जाणार, त्यांची दूधभुकटी इकडे येणार. तीही बिनकराची. सही बाकी आहे, पण ठरलंय. डेअरी तुझं दूध मग या भावाने घ्यायची नाही." त्याचा आवाज बसला होता. "मी भांडलो गं. कोणी ऐकलं नाही. कुठे बोलू नकोस, माझी नोकरी जाईल."

फोन हातात तसाच धरून मी बाहेर आले. याच दुधावर शिकला की मेला! पण त्याच्यावर तरी काय चिडायचं?

अंगणात शिंपीणबाई दावं धरून गायीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "सुईत दोरा ओवता येत नाही हो आता," त्या म्हणाल्या. "गायीचं बरं. धार काय, डोळे मिटूनही काढता येते."

विकाव्यात तर हिचा गळा कापायचा, सांगावं तर त्याचा. इकडे आड, तिकडे विहीर.

"नाही विकायच्या मला," मी म्हटलं.

"अहो, काल शब्द दिलात!"

"दिला होता. आज मन होत नाही. तुम्हीही थांबा थोडं. शिवण सोडू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. "आलं लक्षात. साहेबांनी सांगितलं ना? दूध महागणार! म्हणून गायी धरून ठेवताय."

"तसं नाही हो!"

"मग कसं?"

मी गायीपुढे वैरण सारू लागले.

"राहू द्या. बाजारात काही गायींचा दुष्काळ नाही पडला." दावं तिथेच टाकून त्या तरातरा निघून गेल्या.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. चपला घालून फाटकापर्यंत जायची, परत यायची. सांगून टाक बये, जन्माची कमाई आहे तिची, असं वाटायचं. की लगेच त्याचा तो बसलेला आवाज आठवायचा. त्याला फोन लावला तर बंद. बैठकीला बसताना फोन बाहेर काढून ठेवायचा त्यांचा नियम. मसणात गेले ते नियम!

संध्याकाळी फाटकातून हाक आली. शिंपीणबाई घामाघूम उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे एक नाही, दोन नाही, तीन गायी.

"शिलाई मशीनही देऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "त्यात तिसरी बसली. सकाळचा राग सोडा हो. जनावरातलं कळतं ते तुम्हालाच. बघा बरं, फसले तर नाही ना मी?"

मी खाली बसले. एकेकीची कास चाचपली, दात पाहिले, खूर उचलून पाहिले. शिंपीणबाई श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चांगल्या आहेत गायी," मी म्हटलं.

आणि गायी खरंच चांगल्या होत्या.