तीन नंबरच घेणार

कारखान्यात तिला सगळे ‘नाकबाई’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे बाटल्या धुवायला लागली होती. एकदा धुतलेले ग्लास पोचवायला चाचणीच्या खोलीत गेली आणि टेबलावरच्या एका नमुन्यापाशी थबकून म्हणाली, “याला ओल्या पोत्याचा वास येतोय.” खोलीतले दोघं हसले. तिथले मुख्य चाखणारे म्हातारे उस्ताद हसले नाहीत. ते काठी टेकत गोदामात गेले आणि त्यांनी ते पिंप शोधून काढलं, तर त्याच्या फुटक्या बुचाभोवती कुणीतरी पोत्याची चिंधी कोंबून ठेवलेली. दुसऱ्या दिवसापासून तिचं बाटल्या धुणं बंद झालं.

पुढची अडतीस वर्षं ती व्हिस्की हुंगत होती, तोंडात घोळवत होती आणि थुंकत होती. गिळायची मात्र नाही. दिवसाला चाळीस नमुने गिळणाऱ्याचं नाकही टिकत नाही आणि नोकरीही. घरी आल्यावर तर तिला गार पाण्याशिवाय काही नको असायचं.

आता निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि तिच्या पुढ्यात एक कागद आला होता. जुन्या मालकांनी एक नियम घालून दिला होता, नोकरीच्या करारातच छापलेला: निवृत्त होणाऱ्याने कारखान्याची कुठलीही एक व्हिस्की निवडायची, आणि तो जिवंत असेपर्यंत दर महिन्याला तिची एक बाटली कारखान्याने घरपोच द्यायची. निवड एकदाच. नंतर बदल नाही.

घरी या कागदाची तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त काळजी.

“आई, अठरा वर्षं मुरलेली घ्या,” जावई म्हणाला. “त्यात विचार कसला करायचा?”

“प्यायची कुणी? मी की तुम्ही?”

“तुम्ही कुठे पिता?”

“आता पिणार आहे,” ती म्हणाली. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं. पस्तीस वर्षांच्या संसारात, कुठे बोलायचं नाही एवढं त्याला पक्कं कळलेलं होतं.

दोन दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब नवे होते, वर्षभरापूर्वीच आलेले. वागायला गोड.

“बाई, कागद भरलात का? नाही म्हणजे, आपली नवी व्हिस्की येतेय बाजारात. ती तुम्ही निवडलीत तर आम्ही तुमचा फोटो छापू. अडतीस वर्षांच्या नाकाची निवड.”

“आणि तीन नंबर?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “ती बंद होतेय. जुनी भट्टी परवडत नाही. पिंपांत आहे तो माल नव्या व्हिस्कीत मिसळून टाकू.”

तिला याची कुणकुण होतीच. तीन नंबरच्या गोदामातून पिंपं हलताना तिने पाहिली होती. त्या गोदामावरूनच व्हिस्कीला नाव पडलेलं. सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत लहान तांब्याच्या भट्टीत ती निघायची, दुप्पट वेळ खाऊन. जरा खरखरीत, धुरकट, शेवटी भाजलेल्या सालीसारखी कडवट. बक्षीस-बिक्षीस तिला कधी मिळालं नाही. दिवसभर राबून आलेली माणसं ती प्यायची आणि नावं ठेवत ठेवत परत मागायची. अडतीस वर्षांत नाकबाईला हजारो नमुने थुंकताना काही वाटलं नव्हतं. तीन नंबर थुंकताना मात्र दर वेळी जिवावर यायचं.

तिने साहेबांच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: तीन नंबर.

“अहो बाई, ती बंद होतेय म्हणून आत्ताच सांगितलं ना मी?”

“ऐकलं. करारात लिहिलंय, मी जिवंत असेपर्यंत. आणि माझी आई ब्याण्णव वर्षं जगली.”

साहेब हसले. एका हट्टी बाईच्या बारा महिन्यांच्या बारा बाटल्या, त्यात काय मोठंसं, असं ते हसणं होतं.

पहिल्या दोन महिन्यांच्या बाटल्या नीट आल्या. संध्याकाळी पाचला ती गॅलरीत बसायची, दोन बोटं ओतायची आणि सावकाश गिळायची. अडतीस वर्षं जी जिभेपर्यंत येऊन परत गेली, ती आता घशाखाली उतरत होती. नवऱ्याने एकदा चाखून तोंड वाकडं केलं. “एवढ्यासाठी भांडलीस?”

“एवढ्यासाठीच.”

तिसऱ्या महिन्याची बाटली आली. बाटली तीच, लेबल तेच, बूच तेच. तिने बूच काढलं आणि ग्लासात ओतायच्या आधीच परत लावलं. “ही ती नाही,” ती म्हणाली. आत नवी व्हिस्की होती, रंग गडद करून भरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली घेऊन कारखान्यात गेली. साहेबांनी नाकारलं नाही, एवढी लाज त्यांना होती. “बाई, खरं सांगू? तीन नंबर घेणारे तुमच्यासारखे निवृत्त एकेचाळीस जण आहेत. एवढ्यांसाठी भट्टी पेटवायची? आणि कुणाला कळलंय? तुमच्याशिवाय एकाचीही तक्रार नाही. तुम्हाला अठरा वर्षांची देतो, दर महिन्याला दोन. विषय संपवा.”

“एकेचाळीस,” ती म्हणाली. तो आकडा तिला साहेबांकडूनच कळला.

पुढचे तीन आठवडे ती बसने हिंडली. पत्ते चाचणीच्या खोलीतल्या तिच्या जागेवर आलेल्या बाईने दिले, एका शब्दाने न विचारता. कुणी बाटली भावाला देत होतं, कुणी उघडलीच नव्हती. एकाने तर दारातच हात जोडले. “फुकट येतंय ते येऊ दे ना बाई, कशाला नसती उठाठेव?”

“फुकट नाही येत. बत्तीस वर्षं पिंपं लोटलीत तुम्ही,” ती म्हणाली. “त्याच्या बदल्यात तुम्हाला फसवतायत. तुम्हाला चालत असेल तर तसं सांगा, मी जाते.”

त्याने तिला आत बोलावलं.

भट्टीकाकांकडे ती सगळ्यांत शेवटी गेली. जुनी भट्टी आयुष्यभर त्यांनीच सांभाळलेली. आता ते खाटेवर होते आणि आजारपणात त्यांची वासाची जाण गेली होती, पार गेली होती.

“कुठे सही करू सांग, पोरी,” ते म्हणाले.

“नुसतं माझ्या शब्दावर नको, काका. आधी चाखा.”

“मला काय कळणार आता?”

तिने दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली; एका पेल्यात तिच्या दुसऱ्या महिन्याच्या बाटलीतली उरलेली, दुसऱ्यात नवी आलेली. कुठली कुठली ते सांगितलं नाही. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. मग दुसरा घेतला आणि पेला लांब सरकवला.

“ही कोण? आपली उतरताना घशाशी जरा थांबते. ही सरळ घसरतेय, ओळख ना पाळख.” त्यांचा आवाज चढला. “माझ्या भट्टीचं नाव लावून पाठवतायत हे?”

त्यांनी सही केली, पहिली नीट उमटली नाही म्हणून पुन्हा केली.

एकेचाळिसांपैकी चौतीस सह्या झाल्या. कराराच्या पानासकट ते पत्र तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. शेजारी चौतीस जणांच्या बाटल्या होत्या, काही उघडलेल्या, काही भरलेल्या. त्या दोन हातगाड्यांवरून आणाव्या लागल्या आणि दारावरच्या पहारेकऱ्याने अडवायच्या ऐवजी दार धरून ठेवलं. साहेबांनी वकिलाला फोन लावला. बराच वेळ ते नुसते “हं” म्हणत होते.

शेवटी ठरलं ते असं: उरलेली पिंपं तीन नंबरच्या गोदामातच राहतील, आणि जुनी भट्टी वर्षातून आठ दिवस पेटेल. बाजारात मात्र ती व्हिस्की येणार नाही. राबून आलेल्या माणसांना ती आता मिळणार नव्हती, आणि तेवढी गोष्ट नाकबाईला जिंकता आली नाही. तिने ते साहेबांना तोंडावर सांगितलंही.

“तुम्ही जिंकलात असं समजा,” साहेब थकून म्हणाले. “आज ना उद्या तुमच्यातलं कुणी उरणार नाही. मग बंद करू.”

“मग थांबा तोवर. आम्हाला घाई नाही.”

त्या वर्षी भट्टी पेटली तेव्हा भट्टीकाकांना खुर्चीत बसवून आणलं होतं. आच कमी आहे म्हणून ते सगळ्यांवर ओरडत होते. चाचणीच्या खोलीतली बाई नाकबाईपाशी येऊन उभी राहिली. ती चौतीस वर्षांची होती.

“निवृत्त होताना मीही हीच लिहिणार आहे,” ती म्हणाली. “साहेबांना आजच सांगून ठेवलंय.”

“काय म्हणाले?”

“पाणी मागवलं.”

नाकबाई हसली आणि भट्टीकाकांची खुर्ची आचेच्या जरा जवळ सरकवायला गेली.