लाल पट्टीच्या पलीकडे

आमची भिंगरी ऑम्लेट खाते ते बरोबर अर्धं. उजवीकडचं इतकं नीट संपवते की मधली कड कात्रीनं कापल्यासारखी दिसते, आणि कात्री चालवण्यात माझं आयुष्य गेलंय. मग ताट पुढे सरकवून म्हणते, "संपलं. अजून दे ना, मावशी." डावीकडचं अर्धं तिच्यासमोर गार होत पडलेलं असतं.

घरभर गरगरत फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो. मग बागेतल्या झोक्यावरून ती डोक्यावर पडली. दवाखान्यातून परत आली ती बोलती, चालती, हसती. डावी बाजू तेवढी तिकडेच विसरून आली. थेरपीच्या बाईंनी समजावून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदूला मार बसलाय आणि त्यानं ती बाजूच सोडून दिलीय. आता डावीकडची वस्तू हवी असली की ती उजवीकडून अख्खी गिरकी घेते आणि तिथे पोचते. नाव सार्थ केलं पोरीनं.

बाईंनी नियम घालून दिला. तिला आवडतं ते सगळं डावीकडे ठेवायचं, हाक डावीकडूनच मारायची, म्हणजे मान आपसूक वळेल. मी टेबलक्लॉथच्या डाव्या काठाला लाल पट्टी शिवली. लाल दिसेपर्यंत बघत जायचं, असा खेळ. आणि भिंगरीला सगळ्यात जास्त आवडते तिची आई. म्हणून माझी ताई डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. बसली ती बसलीच.

"भिंगरी, बाळा, इकडे बघ."

भिंगरी उजवीकडे वळायची. दाराकडे बघायची, टेबलाखाली वाकायची. "मावशी, आईचा आवाज येतोय. आई कुठे आहे?"

"ही काय तुझ्या शेजारी!"

"चल, काहीतरीच."

ताई हसायची. सुरुवातीला खरंच हसायची. "मुली मोठ्या झाल्या की आईकडे बघत नाहीत असं ऐकलं होतं. पण नवव्या वर्षीच?"

भावोजी जहाजावर असतात. त्यांचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन मुकाट्यानं उजवीकडे धरायची, नाहीतर बिचारे एकटेच बोलत बसले असते. "बाबा!" म्हणत भिंगरी पडद्याचे मुके घ्यायची. ताई हातभर अंतरावरून बघत राहायची.

"समुद्रापलीकडचा माणूस दिसतो हिला," ती एकदा म्हणाली. "मीही एखादं जहाज गाठते."

"आजच्या दिवस उजवीकडे बस ना, ताई."

"आणि तिची डावी बाजू कायमची गेली तर? तू घेणार आहेस अंगावर?"

मी कोण? बाह्या शिवणारी.

बाह्यांवरून आठवलं. भिंगरी फ्रॉकच्या उजव्या बाहीतच हात घालते. डावा हात आत पोटाशी राहतो आणि डावी बाही नुसती लोंबते. एक दिवस इस्त्री करताना बघितलं तर त्या रिकाम्या बाहीला कोपराच्या आतल्या बाजूनं बारीक चुण्या पडलेल्या. हात वाकल्याशिवाय तशा चुण्या पडत नाहीत. आणि काठाला अंड्याचा पिवळा डाग, धुऊनही न गेलेला. धुण्याच्या मशीनमध्ये पीळ पडला असेल, असं म्हणून मी इस्त्री फिरवली. चुण्या गेल्या. डाग राहिला.

त्याच दुपारी मी भिंगरीचं ताट गोल फिरवलं. गार झालेलं अर्धं उजवीकडे आलं. तिनं हात मागे घेतला.

"हे माझं नाही. तिचं आहे."

"कुणाचं?"

"झोक्यावरून पडली ना, तिचं."

"अगं, ती तूच की."

"मी कुठे पडले?" भिंगरीला माझी कीव आली असावी. "ती पडली. ती तिकडे बसते."

"मग जरा वळून बघ ना तिच्याकडे."

"नको. तिचं डोकं अजून दुखतंय. बघितलेलं आवडत नाही तिला."

बाई म्हणाल्या, असं होतं. मेंदू रिकामी जागा गोष्टीनं भरून काढतो. मला ते पटलं. ताईनंही मान डोलावली, पण तिला पटलं ते वेगळंच काहीतरी. त्यानंतर ताई डाव्या खुर्चीत बसून भिंगरीला हाका मारेना. भिंगरीकडे पाठ करून ती आणखी डावीकडे वळायची आणि कुजबुजत राहायची.

"ताई, कुणाशी बोलतेस?"

"जिला मी दिसते तिच्याशी."

"वेडी आहेस का? पोर इकडे आहे."

"ही तर मला शोधतही नाही हल्ली," ताई म्हणाली. खरंच, भिंगरीनं आई कुठे आहे हे विचारणं सोडून दिलं होतं.

ताईचं खाणं सुटलं, आवाज बारीक होत गेला. तिची खुर्ची कुरकुरायची, तीही गप्प झाली. आणि मग एका दुपारी मी जेवायला दोनच ताटं वाढली. भिंगरीचं आणि माझं. घास तोंडाशी नेला तेव्हा माझं लक्ष गेलं, ताई समोरच बसली होती. सकाळपासून तिथेच होती.

मी तिच्या दंडाला धरलं.

"ऊठ. उजवीकडे बस."

"अगं, नियम..."

"चुलीत गेला नियम. डावीकडे मी बसते. मावशी काय कमी आवडते तिला?"

मी तिला ओढत नेऊन उजव्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः तिच्या जागी टेकले. जागा गारच होती. इतका वेळ माणूस बसलेली जागा अशी गार कशी, हे विचारायला सवड नव्हती, कारण भिंगरीचा घास तोंडातच राहिला होता.

"आई! कधी आलीस?" तिनं ताईचा दंड घट्ट धरला. "किती दिवस कुठे होतीस गं?"

ताई नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

आणि मग भिंगरीची मान वळायला लागली. डावीकडे. ताटावरून, गार ऑम्लेटवरून, लाल पट्टीवरून, पट्टीच्याही पलीकडे. एवढा सगळा खटाटोप याचसाठी तर होता. तिची नजर माझ्यापर्यंत आली, पण चेहऱ्यावर थांबली नाही. खाली उतरली, माझ्या मांडीपाशी.

"आली बघ आई," ती हळूच म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, येईल म्हणून?" मग तिच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, ऊठ ना. तू तिच्या मांडीवर बसलीयस."

माझं वजन काही थोडंथोडकं नाही. मी ताडकन उठले. मी उठले तेव्हा खुर्ची कुरकुरली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा कुरकुरली.

ताईनं ते ऐकलं. भिंगरीचा हात तिनं सोडला नाही. दुसऱ्या हातानं ते गार अर्धं ऑम्लेट लाल पट्टीकडे सरकवलं.

"जेव गं बाळा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. आवाज पूर्वीसारखा, खणखणीत. "आणि हे बघ, मी आता रोज या बाजूला बसणार. तुला तिथून दिसते ना मी?"

भिंगरीनं डावीकडे कान दिला. मग मान डोलावली.

"दिसते म्हणते."

मी माझं ताट उचललं आणि भिंतीला टेकून उभ्याउभ्याच जेवले.