मास्तरांनी मला खाली ठेवले, ती निवडणूक

मी एक जुना कर्णा आहे. मला तारा नाहीत, बटण नाही, आत कसले यंत्रही नाही. अरुंद बाजूला तोंड लावून बोलायचे, की रुंद बाजूने तेच बोलणे मोठे होऊन बाहेर पडते. एवढेच माझे काम. पूर्वी माझ्यावर हिरवा रंग होता. जिथे मूठ बसायची तिथला तो केव्हाच उडाला, आणि आता तेवढीच जागा चकाकते.

मित्रांनो, माझा जन्म एका पत्रेकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. तो कंदील, गाळण्या आणि नरसाळी करायचा. एके दिवशी शाळेतले ड्रिलमास्तर त्याच्याकडे आले आणि हातवारे करून माझे माप सांगू लागले.

"एवढं मोठं नरसाळं?" कारागीर म्हणाला. "तेल कशात ओतायचंय, विहिरीत?"

"तेल नाही, शिस्त ओतायचीय. पोरांच्या कानात," मास्तर म्हणाले.

मी तयार झाल्यावर कारागिराने मला तोंड लावले आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली. बिचारी हातातले लाटणे न ठेवताच धावत आली. "आग लागली का कुठे?" असे तिने विचारले, आणि खरा प्रकार कळल्यावर ते लाटणे खाली ठेवायला तिने बराच वेळ घेतला. अशा रीतीने मी परीक्षा पास झालो.

शाळेच्या मैदानावर मी पुष्कळ वर्षे काढली. मास्तरांनी माझ्यातून "सावधान!" म्हटले की मुलांच्या पाठी ताठ व्हायच्या आणि भिंतीवरची कबुतरे उडायची. पण एक गोष्ट मास्तरांनी कधी केली नाही. माझ्यातून ते कुठल्याही मुलाचे नाव घेऊन त्याला रागावले नाहीत. कोणी चुकले की मला खाली गवतावर ठेवायचे, त्याच्याजवळ चालत जायचे आणि हळू आवाजात काय ते बोलायचे. नवे शिक्षक विचारत, "मास्तर, कर्णा कशाला मग?" मास्तर म्हणत, "हाक चारचौघांत मारावी. कान एकट्याचा धरावा."

मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने विजेवर चालणारा भोंगा आणला. मास्तरांनी मला मागून घेतले आणि मी त्यांच्या घरी आलो.

आता त्यांच्या पक्षाविषयी सांगतो. मास्तर जुन्या वळणाचे. वडिलांनी लावलेली घडी उगाच मोडू नये, दिलेला शब्द पाळावा, आपले अंगण आपण झाडावे आणि मग सरकारकडे बोट दाखवावे, असे त्यांचे मत. त्यांचा पक्षही हेच सांगायचा, म्हणून तो त्यांचा पक्ष. तरुणपणापासून त्यांनी दुसऱ्या कुठल्या चिन्हाकडे मान वळवून पाहिले नव्हते. पक्षाचे अध्यक्ष वकीलतात्या हे म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ. मास्तरांना त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

निवडणूक आली की मास्तर सकाळी इस्त्रीचा सदरा घालायचे, मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि गल्लीगल्लीत फिरायचे. "आपलं सांगायचं, दुसऱ्याचं काढायचं नाही," हा त्यांचा नियम. त्यामुळे मी कधी कोणाला शिवी दिली नाही.

फेरी संपायची ती ताईंच्या खिडकीखाली. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. त्याच गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर राहून शिवणकाम करायच्या. मास्तरांची पत्नी वारल्यापासून त्यांचे दोन्ही वेळचे जेवण ताईंकडेच. आणि गंमत अशी, की ताई पलीकडच्या पक्षाच्या. मास्तर खाली उभे राहून त्यांच्याकडे तोंड करून मुद्दाम जास्त जोरात बोलत. मग खिडकीतून कात्री धरलेला हात बाहेर येई.

"बाळ्या, बास झालं! तुझ्या पक्षाला मत देण्यापेक्षा मी कात्रीने भाजी चिरीन. घसा बसलाय तुझा. वर ये, पाणी गरम केलंय."

बरोबरचे कार्यकर्ते हसू दाबत. अख्ख्या गावाला सावधान करणारे मास्तर बहिणीचे "बाळ्या" होते.

ताई नवऱ्याच्या घरून का परत आल्या होत्या, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. नवरा हात उगारायचा. लोक म्हणाले, सहन कर, संसार आहे. मास्तरांना तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. ते गेले, कोणाशी वाद घातला नाही, ताईंचे शिवणयंत्र उचलून खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "ताई, चल." संसार टिकावा असे मनापासून मानणारा हा माणूस ते जड यंत्र घेऊन बसथांब्यापर्यंत चालत आला. ताई हे सांगताना नेहमी शेवटी म्हणत, "आणि सुई तिथेच राहिली म्हणून परत निघाला होता, वेडा."

मित्रांनो, त्या वर्षीची निवडणूक मात्र वेगळी निघाली. पलीकडच्या पक्षाने दवाखान्यातल्या नर्सबाईंना उभे केले. त्याही नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या, लहान मुलीला घेऊन. मास्तरांचा त्यांना विरोध होता. ते ताईंना म्हणाले होते, "पोरगी गुणी आहे. माझ्या मैदानावर पळायची. पण तिच्या पाणीयोजनेपासून सगळंच नगरपालिकेनं करायचं म्हणते. मग माणसांनी काय हात बांधून बसायचं?" ताई म्हणाल्या, "बाळ्या, तू मैदानावर माणसांना हात बांधूनच उभं करायचास." दोघे जेवण होईपर्यंत भांडले. भांडण छान झाले.

आमच्या पक्षाचा उमेदवार नवा होता. कालपर्यंत तो पलीकडे होता, आणि पलीकडे असताना आमच्या वकीलतात्यांना "जुना गंजलेला खिळा" म्हणाला होता. आता तो तात्यांच्या पाया पडला आणि तिकीट घेऊन उठला. मास्तरांना ते लागले. पण ते म्हणाले, "तात्यांनी काही विचार केला असेल."

प्रचाराच्या मध्यावर मास्तरांना कार्यालयात बोलावणे आले. मी त्यांच्या काखेत होतो. पूर्वी तिथे एक लांब बाक आणि पाण्याचा माठ असायचा. आता भिंतीवर टीव्हीचे मोठे पडदे होते, फोनमध्ये डोके घातलेली मुले होती, आणि बाक कुठे गेला ते कोणालाच सांगता आले नाही. तात्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

प्रचारप्रमुख आदबीने म्हणाला, "मास्तर, तुमच्या आवाजाला मान आहे. यंदा फेरीत फक्त एक वाक्य जास्त घ्यायचं. 'जिला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, ती गाव काय सांभाळणार?'"

मास्तरांचा हात माझ्याभोवती घट्ट झाला.

"तिच्या पाणीयोजनेबद्दल बोलतो की. त्यात चुका आहेत. मी दाखवतो," ते म्हणाले.

"पाणीयोजना कोण ऐकतंय, मास्तर? जमाना बदललाय."

"अहो, जमाना बदलला तरी हा पक्ष बदलत नाही, म्हणूनच तर मी यात होतो!" मास्तरांचा आवाज चढला. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले. "तात्या, तुम्ही सांगा. आपण असं कधी बोललो का?"

तात्यांनी चष्मा काढला. तो सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग पुन्हा पुसला. मास्तर वाट पाहत उभे राहिले. तात्या पुसतच राहिले.

"मला जमणार नाही," मास्तर एवढेच म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो. नेहमी ते मला हातात धरून मिरवत नेत. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांनी मला काखेतून काढले नाही. घरी आल्यावर पलंगाखाली जमिनीवर ठेवले. माझी जागा खुंटीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाची गाडी गल्लीत आली. तिच्या टपावर दोन मोठे भोंगे होते. त्यांनी ते वाक्य म्हटले. एकदा नाही, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताईंच्या खिडकीखाली थांबूनसुद्धा. आणि प्रत्येक वेळी पुढे जोडले, "शिस्तीचे मास्तरही हेच सांगतात!"

मास्तर दाढी करत होते. तसेच, एका गालावर साबण घेऊन रस्त्यावर धावले. गाडी वळून गेली होती. वर पाहिले तर ताईंची खिडकी बंद.

जिना चढून त्यांनी दार वाजवले. पुढचे मी नंतर ताईंच्याच तोंडून ऐकले.

"ताई, ते मी म्हटलं नाही."

आतून शिवणयंत्राचा आवाज आला. तो थांबला. "नाव तर तुझंच घेतलं. मला काम आहे. डबा दाराशी ठेवलाय, घेऊन जा."

मास्तरांनी डबा आणला खरा, पण झाकण उघडले नाही. पलंगाखालून मला सारे दिसत होते. त्यांनी तोंड धुतले, उरलेली दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मग वाकून मला बाहेर काढले आणि फडक्याने पुसले.

गल्लीच्या मधोमध उभे राहून त्यांनी मला तोंडाला लावले.

"मी ड्रिलमास्तर बोलतोय," ते म्हणाले. "सकाळी गाडीवरून जे ऐकलंत, त्यात नाव माझं होतं. मत माझं नव्हतं. मी या पक्षासाठी जन्मभर ओरडलो. घर टिकावं असं मला अजूनही वाटतं. पण जिथं माणूस मोडतं, ते घर नव्हे. तिथून जी बाहेर पडली, तिनं घर सोडलं नाही, जीव वाचवला. तिला हसणाऱ्यांत मी नाही. माझ्या नावानं कोणी हसलं असेल, तर मी त्या बाईंची माफी मागतो. आणि..."

पुढचे शब्द माझ्यात आलेच नाहीत. नुसता श्वास आला. मास्तरांनी मला खाली ठेवले, थेट रस्त्यावर, आणि मान वर करून साध्या आवाजात म्हणाले, "ताई, तुझीपण."

दारादारांत लोक उभे होते. मग वरची खिडकी उघडली.

"बाळ्या," ताई म्हणाल्या. "डबा तसाच ठेवलास ना? गार झालं असेल. वर घेऊन ये, गरम करते. आणि तो कर्णा उचल रस्त्यातून, सायकलखाली जाईल."

मतदानाच्या दिवशी बहीणभाऊ नेहमीप्रमाणे एकत्र गेले आणि शेजारशेजारच्या रांगांत उभे राहिले. परत आल्यावर मास्तर ताईंच्या घरी खाटेवर बसून राहिले. त्या दिवसात त्यांच्या तोंडातून एकच वाक्य निघाले. "ताई, मला तो पक्ष घर वाटायचा गं." एरवी ताईंनी दहा टोमणे मारले असते. त्या दिवशी त्यांनी 'कोणाला मत दिलेस' हेही विचारले नाही. मास्तरांच्या सदऱ्याचे एक बटण सैल झाले होते. तो अंगावर असतानाच, त्यांच्यासमोर बसून, ताईंनी ते शिवून दिले.

निवडणूक आमच्या पक्षाने जिंकली. विजयाची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा उमेदवार मुद्दाम गाडीतून उतरला आणि मास्तरांपुढे हात जोडून उभा राहिला. "मास्तर, आता राग सोडा. आपण जिंकलो!"

"तुम्ही जिंकलात," मास्तर म्हणाले. "अभिनंदन. आता शब्द पाळा." त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई मास्तरांचा घसा पाहायला आल्या. जन्मभरच्या ओरडण्याने तो पार सुजला होता. मास्तर खर्जात म्हणाले, "हे बघ, तुझे विचार मला अजूनही पटलेले नाहीत."

"ठाऊक आहे मला, मास्तर. आ करा," नर्सबाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतर मास्तर कुठल्याच पक्षाच्या फेरीला गेले नाहीत. मी बराच काळ खुंटीवर राहिलो. कडेला गंज आला, आत एका कोळ्याने संसार थाटला. भंगारवाला आला की माझ्या पत्र्याला कापरे भरायचे.

मग ताईंना ऐकू येईनासे झाले. कानाचे यंत्र आणून दिले तर त्या म्हणाल्या, "कानात माशी शिरल्यासारखं वाटतं." एक दिवस मास्तरांनी मला उतरवले, झाडले, पुसले आणि माझे अरुंद तोंड ताईंच्या कानाला लावले. रुंद बाजूने ते म्हणाले, "ताई, ऐकू येतंय का?"

"ओरडतोस काय? येतंय की!" ताई म्हणाल्या.

तेव्हापासून मी उलटा झालो आहे. रोज सकाळी मास्तर माझ्या रुंद तोंडाशी बसून ताईंना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. मध्येच दोघे भांडतात. पाणीयोजनेवर अजून एकमत नाही. जन्मभर मी एकाचे बोलणे पुष्कळांपर्यंत नेले. आता एकाचे बोलणे एकाच कानापर्यंत नेतो. मला हे काम आवडते.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओलाव्यात ठेवू नका. आठवड्याने एकदा कोरड्या फडक्याने पुसा, आणि कोळी दिसला तर त्याला हळूच बाहेर सोडा. कर्ण्याला स्वतःचे मत नसते. तुम्ही द्याल ते तो पोहोचवतो. म्हणून त्याला तोंड लावण्याआधी समोरच्या खिडक्यांकडे एकदा बघून घ्या. त्यातल्या एका खिडकीत कोणाची तरी ताई बसलेली असते.