भरली की निघते

धावड्याची मुक्कामी एसटी सरकारनं बंद केली असं सगळे सांगतात. खरं म्हणजे गावानंच ती बंद पाडली. रात्री गावात थांबणारी ती गाडी सकाळी ठरल्या वेळी सुटायची, मग आत माणूस असो नसो. गावातल्याच कारभारीची प्रवासी जीप तिच्या जरा आधी निघायची, शिवाय ज्याच्या त्याच्या दारासमोर थांबायची. एसटीची बाकं रिकामी पडली, डेपोनं गाडी काढून घेतली. अप्पाराव गुरुजी पारावर म्हणाले, "सरकारला धंदा कळतच न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या.

आता कारभारी एकटाच. जीप भरली की निघते.

सुगंधाबाईचा डायलिसिसचा नंबर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, सकाळच्या पाळीला. फुकट, पण वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला. सून प्रेमलानं तिला उजाडताच जीपमध्ये बसवलं. कापूस वेचणीचे दिवस, गाव रानात. जेमतेम अर्धी जीप भरली.

"चल की रं कारभारी," म्हातारी दम खात म्हणाली.

"आत्या, अजून चार शिटा येऊ दे. डिझेल काय माझा सासरा देऊन राह्यला?"

लोक हसले. म्हातारीही हसली.

शिटा आल्या नाहीत, उलट गेल्या. वैतागून एक उतरला, मग दुसरा. गुरुजीही "बँक उद्या बी हाय" म्हणत उतरले. प्रत्येक उतरणारा कारभारीचं थांबणं वाढवत होता. शेवटी दोघी सासू-सुनाच राहिल्या.

"भावजी, यांचा श्वास बघा," प्रेमला म्हणाली.

कारभारीनं बघितलं आणि रिकामी जीप पळवली.

मशीनवर दुसरा पेशंट झोपला होता. "वाट बघितली हो," टेक्निशियन म्हणाला. "आता याला मधेच उठवू का? परवा या." समोरच्या खासगी दवाखान्यात मशीन मोकळं होतं. आधी भरायची रक्कम ऐकून प्रेमला पायरीवरूनच फिरली.

परतीला बाजारकरी मिळाले, जीप लगेच भरली. अर्ध्या वाटेत म्हातारीचे ओठ काळेनिळे पडले.

"भावजी, गाडी फिरवा. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात घ्या."

कारभारीनं ब्रेक दाबला, आरशात बघितलं. मांडीवर पिशव्या घेतलेली माणसं खिडकीबाहेर बघत होती.

"भरली गाडी माघारी कशी नेऊ, वहिनी?"

त्यानं आरशात सगळ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. एकानं मांडीवरची पिशवी सावरली, दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. जीप पुढंच गेली.

गावच्या फाट्याच्या अलीकडं सुगंधाबाईची मान प्रेमलाच्या खांद्यावर पडली, श्वास थांबला.

"आता सावकाश घे बाबा," मागून कुणीतरी म्हणालं, "रस्ता खराब हाय."