भलत्या दाताचा प्रश्न

“मॅडम, तुम्ही कधी चुकून भलताच दात उपटलाय का?”

हा प्रश्न माझा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या मैत्रिणींचा. दंत महाविद्यालयातल्या सगळ्यात मोठ्या मॅडमना, तेही त्यांच्या विद्यार्थ्यांदेखत, हे विचारून दाखवलंस तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, अशी पैज लागली होती. “तुझ्याच्यानं नाही व्हायचं,” असं आमच्यातली सगळ्यात उंच, म्हणजे लंबी, छातीठोकपणे म्हणाली होती.

बिचारीचं चुकलं नव्हतं. तिला जुनी मी माहीत होते. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत हळूहळू फट पडत गेली आणि वर्गानं माझं बारसं केलं, ‘खिडकी’. मग मी हसताना तोंडावर हात, बोलताना तोंडावर हात, फोटोत ओठ शिवल्यासारखे. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी आपली खाली मान घालून बाकावरचे ओरखडे बघत बसायचे.

घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं, तर “तारा लावू, खिडकी बंद” असं सांगून पाच मिनिटांत आमची रवानगी झाली. आई कपडे शिवते. तिच्याकडे ब्लाउज टाकायला आलेल्या एका बाई म्हणाल्या की तारा महाविद्यालयात छान लावतात. म्हणून आम्ही तिथे गेलो. गेलो तारांसाठी आणि अडकलो भलत्याच कामात.

तिथल्या पहिल्याच खोलीत इतके प्रश्न विचारले की मला वाटलं लग्न जमवतायत. काय खातेस, कधी घासतेस, कुठलं औषध चालू आहे का, घरात कुणाचे दात लवकर पडलेत का? त्यावर आई एकदम म्हणाली, “माझ्या बहिणीचे. तिशीतच कवळी लागली तिला.” मग आरशानं गाल ताणून पाहिले, जीभ बाहेर, जीभ वर, जीभ डावीकडे.

“दात पुढे आहे,” मी म्हटलं. “जिभेनं काय घोडं मारलंय?”

“इथला नियम आहे,” समोरची डॉक्टर म्हणाली. “दुखणं असेल तिथे शेवटी बघायचं. नाहीतर बाकीचं बघायचं राहून जातं.”

ही आमची चष्मेवाली ताई. तिची दातांची पदवी झालेली आहे, आता ती फक्त हिरड्यांचं वेगळं शिक्षण घेतेय. तिच्या रोजच्या चष्म्यावर आणखी एक भिंगांचा चष्मा चढतो, त्यामुळे जवळ आली की अवकाशातून कुणीतरी उतरल्यासारखं वाटतं. तिच्या हातात एक बारीक, खुणा केलेली सळई होती. ती प्रत्येक दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवायची आणि आत किती मिलिमीटर खोल जातेय तो आकडा मोठ्यानं सांगायची. शेजारी तिचा मित्र लिहून घेत होता. दोन, तीन, दोन, दोन, तीन. मागच्या दाढांपासून सुरुवात. माझा पुढचा दात कधी येतो याची मी वाट बघतेय, बाबा जांभया देतायत. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते आईच्या कानात म्हणाले, “एवढ्या वेळात मी लिफ्टचं दार उतरवून पुन्हा बसवलं असतं.”

मग माझ्या पुढच्या दाताशी आल्यावर ताई म्हणाली, “नऊ.”

मित्राचं पेन थांबलं. “नऊ? काहीतरीच काय! हिरडी बघ की, कशी गुलाबी आहे. हात सटकला असेल तुझा.”

खरं तर तिलाही तसं म्हणून पुढे जाता आलं असतं. हिरडी स्वच्छ, पोरगी शाळकरी, सूज नाही, रक्त नाही. पण तिनं सळई काढली, पुसली, पुन्हा घातली.

“नऊ. लिही.”

क्ष-किरण फोटोत सगळं उघडं पडलं. माझा दात शाबूत होता, पण त्याच्या मुळाशी जे हाड असतं ते खचत चाललं होतं. दोन दाढांपाशीही थोडं तसंच. या वयातल्या मुलांना क्वचित होणारा हिरड्यांचा आजार, वरून काही म्हणता काही दिसत नाही. घरात आधी कुणाला असला तर जास्त सांभाळायचं. त्या अवस्थेत तारा लावून ओढाओढ केली असती, तर खिडकीचा दरवाजाच झाला असता.

“अहो, रोज दोनदा घासते हो ती!” आई रडवेली होऊन म्हणाली.

“ते दिसतंयच, काकू. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. यात तिची काही चूक नाही.”

मी तिथेच रडले. आजार झाला म्हणून नाही. ‘घासत नसेल नीट’ हे टोमणे मी इतके ऐकले होते की मलाच ते खरे वाटायला लागले होते.

त्यानंतर ताईनं भूल देऊन हिरड्यांच्या आतून सफाई केली, गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा तपासलं. दाढा सावरल्या. मी पण सावरले. कारण ताई काम करताना सतत विचारायची, काय वाटतंय, कुठे वाटतंय, आणि माझ्या उत्तराची खरोखर वाट बघायची. तोंड उघडं ठेवून बोलायची इतकी सवय लागली की शाळेतही ते मिटेना. आता बाई म्हणतात, जरा इतरांनाही बोलू दे.

पुढचा दात मात्र हट्टी निघाला. त्याच्यासाठी हिरडी उघडायची, आत साफ करायचं, हाडाची पूड भरायची आणि टाके घालायचे, एवढा एकच उपाय उरला होता. तो जमला तर दात राहील. नाही तर दात जाणार, या वयात, अगदी पुढचा.

मोठ्या मॅडमनी ताईकडे हात करून बाबांना स्पष्ट सांगितलं, “ही शस्त्रक्रिया हिनं करावी असं मला वाटतं. तिची तयारी झालीय. मी शेजारी उभी असेन. पण तुम्हाला नको असेल तर मी करते, त्यात कुणी रागावणार नाही. आज तपासणी झाली की तिघं बोलून सांगा.”

तर तो हा दिवस. मी खुर्चीत आडवी, भोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं, मॅडम माझा फोटो दिव्यासमोर धरून शिकवतायत. शेवटी त्यांनी विचारलं, “कुणाला काही शंका?”

हात वर केला तो मी. पेशंटनं.

आणि मग तो प्रश्न. भलत्या दाताचा.

कोंडाळ्यात कुणीतरी खोकलं. दाराशी बाबांशेजारी उभ्या आईनं कपाळावर हात मारला. मॅडम मात्र हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत.

“दात नाही उपटला अजून,” त्या म्हणाल्या. “पण चुका इथेही होतात. कुणाला सांगायचंय?”

एवढ्या सगळ्यांत एकच हात वर आला. चष्मेवाल्या ताईचा.

“मला सांगायचंय. मी भूल भलत्या बाजूला दिली होती. एका आजोबांची उजवी दाढ काढायची होती. पेशंट समोर बसला की त्याचं उजवं माझ्या डावीकडे येतं, हे पहिल्या वर्षापासून घोकलेलं. तरी घोळ झाला. सुई टोचून झाल्यावर लक्षात आलं.”

“मग आजोबांना काय सांगितलंत?” मी विचारलं. पैज संपली होती, हा प्रश्न माझा होता.

“जे झालं ते. म्हटलं, आजोबा, माझी चूक झाली, तुमचा चांगला गाल मी बधिर केला. आणि मॅडमना हाक मारली.”

“ते चिडले?”

“अर्ध्या तोंडानं म्हणाले, आता दुसरीकडेही दे, म्हणजे बोलताना तोल जायचा नाही.”

सगळे हसले. मॅडमनी पुढचं सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या विभागात सुई उचलायच्या आधी पेशंटच्या त्या बाजूच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कुठला दात ते पेशंटकडूनच वदवून घ्यायचं. ही पद्धत ताईनंच सुचवलेली.

मी बघतच राहिले. इतके महिने ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची, आणि मी समजत होते की ती मला धीर देतेय!

बाहेर लिफ्टशेजारच्या बाकावर आमची तिघांची सभा भरली.

“ऐकलंस ना?” बाबा आवाज दाबून म्हणाले. “भलत्या बाजूला! स्वतःच्या तोंडानं सांगितलं तिनं!”

“तेच तर!” मी म्हटलं. “स्वतःच्या तोंडानं सांगितलं.”

“मॅडम स्वतः करायला तयार आहेत. इतक्या वर्षांचा हात आहे त्यांचा.”

आईला ताईनं मघाशी सरावाचा रबरी तुकडा दाखवला होता, त्यावर टाक्यांच्या ओळीच्या ओळी. “टाके सुरेख आहेत हं,” आई म्हणाली. “मी विचारलं, गाठ आणखी घट्ट का नाही घेत? तर म्हणाली, हिरडी फाटते. नाजूक कापडाचंही तसंच असतं.”

“अगं, ते रबर होतं! ही आपली पोर आहे.”

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही पहिली लिफ्ट एकट्यानं दुरुस्त केलीत, तेव्हा तुम्हाला काम शिकवणारे उस्ताद कुठे होते?”

“खाली उभे होते. डोळ्यात तेल घालून.”

“आणि लिफ्टमध्ये कोण बसलं होतं?”

बाबा म्हणाले, “मीच. उस्ताद म्हणाले, दुरुस्त तू केलीस, तर पहिला तूच बस.” मग त्यांचा आवाज उतरला. “पण लिफ्ट वेगळी गं, लेक वेगळी.”

आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला एकदम गलबलून आलं. त्यांना माझ्या हसण्याची माझ्याहून जास्त काळजी होती.

मी उभी राहिले. तोंडावर हात नाही, आवाज अख्ख्या व्हरांड्यात जाईल असा.

“आई, बाबा, माझं ठरलंय. शस्त्रक्रिया चष्मेवाली ताईच करणार. त्या दिवशी सगळ्यांना माझी हिरडी गुलाबी दिसत होती, आणि तिनं सळई पुन्हा घातली. मॅडम शेजारी असतील, तुम्ही दाराशी असा, हवं तर डोळ्यात तेल घालून. दात राहिला तर तिच्या हातानं राहील. आणि नाही राहिला, तरी तिच्यावर कुणी रागवायचं नाही, कारण तो आजवर टिकलाय तोच तिच्यामुळे. आता मी आत जाऊन तिला सांगतेय.”